आठवा धडा परत आला

आमच्या घरात आवाज करणाऱ्या वस्तूंची एक यादी होती. बायकोनं ती करून फ्रिजच्या दारावर चिकटवली होती. पंखा, मिक्सर, कुकर, वरच्या मजल्यावरच्यांची सरकणारी खुर्ची, भंगारवाला, आणि सगळ्यांत शेवटी, नंतर वेगळ्या पेननं लिहिलेली, माझी बॅकअपची डिस्क. वरची खुर्ची आणि भंगारवाला यांचं काही करता येत नव्हतं. बाकीचं सगळं दुपारी दोन ते पाच बंद असायचं, कारण त्या वेळात ती वाचायची.

अंध विद्यार्थ्यांसाठी ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत असे. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बायका योगासनांना जातात, ही माइकसमोर बसायला लागली. वारज्यातल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली हायवेपासून त्यातल्या त्यात लांब. तिथं भिंतींना गोधड्या टांगून, दाराच्या फटीत टॉवेल कोंबून तिनं जागा तयार केली होती. मी तिला स्टुडिओ म्हणायचो. ती म्हणायची, "स्टुडिओत चहा आणून देणारं माणूस असतं."

वाचण्याची तिची एक शिस्त होती. आधी धड्याचं नाव, मग 'पान एक'. पान उलटलं की त्याचा आकडा. तक्ता आला की 'तक्ता सुरू', संपला की 'तक्ता संपला'. चित्र असलं तर त्यात काय दिसतंय ते स्वतःच्या शब्दांत. आणि अख्खं पुस्तक वाचून, पहिल्यापासून एकदा ऐकून तपासल्याशिवाय एकही धडा कुणाला द्यायचा नाही. एकदा मी म्हटलं, झालेत तेवढे दे की त्या मुलीला. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे तिनं अर्धी परीक्षा द्यायची का?"

ती मुलगी चंद्रपूरकडची होती, जन्मापासून अंध. स्वारगेटजवळ वसतिगृहात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. तिला पंचायत राजवरचं एक जाडजूड पुस्तक हवं होतं. बावीस धडे. सरपंचाचे अधिकार, ग्रामसभेची गणपूर्ती, पंचायत समितीचे विषय. इतकं रूक्ष पुस्तक मी आयुष्यात पाहिलं नाही. हिनं ते असं वाचायला घेतलं की बाहेर बसून ऐकताना मलाही सरपंचाची काळजी वाटायला लागली.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच आहे. मी एका कंपनीत बॅकअपचं काम बघतो. डिस्कच्या आत कप्पे पाडलेले असतात, त्यांना व्हॉल्यूम म्हणतात. त्या कप्प्याची जशीच्या तशी प्रत रोज दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवायची, हा बॅकअप. काही बिघडलं की ती प्रत परत कप्प्यात भरायची, हा रिस्टोअर. भरताना कप्प्यात आधी जे काही असेल ते जातं. एवढंच माझं काम. वीसेक वर्षं मी हेच करतोय, आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतोय: मूळ जागेवर कधीही रिस्टोअर करायचं नाही. आधी दुसरीकडे कुठंतरी उतरवायचं, बघायचं, तारीख वाचायची, मग पुढं जायचं. हे मी इतक्यांदा सांगितलंय की ऑफिसात माझी नक्कल करताना पोरं हेच वाक्य म्हणतात.

घरच्या कॉम्प्युटरवर मीच सगळी व्यवस्था केली होती. डी ड्राइव्ह, म्हणजे त्यातला एक अख्खा कप्पा, तिला दिलेला. माइक थेट कॉम्प्युटरला, रेकॉर्डिंग थेट डी वर. शेजारी माझी बॅकअपची डिस्क, जी रोज दुपारी सव्वाचारला आपोआप डीची प्रत काढायची. सव्वाचार मीच ठरवले होते, कारण त्या वेळी ती मधली विश्रांती घेऊन चहा प्यायची. घरातलं काम मी असं नीट केलं होतं, याचा मला अभिमान होता.

मग तिचा आवाज बसला. महिनाभर आम्ही आलं, ज्येष्ठमध, हळदीचं दूध यांत घालवला. नंतर तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की गाठ स्वरयंत्रावरच आहे, आणि स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज राहणार नाही. पुढं एखादं यंत्र बसवून बोलता येतं, पण तो आवाज निराळा असतो. तिनं फक्त एक विचारलं: तोवर मी आवाजाला विश्रांती देऊ का? डॉक्टर म्हणाले, "आता जपून काय करायचंय? बोलून घ्या."

तारीख मिळाली तेव्हा पुस्तकाचे अकरा धडे झाले होते. घरी आल्यावर तिनं कॅलेंडर बघितलं, उरलेली पानं मोजली, आणि आमचं दुपारचं दोन ते पाच सकाळी दहा ते संध्याकाळी सहा झालं. मी म्हटलं, अगं, हे पुस्तक दुसरं कुणी वाचेल. ती म्हणाली, "वाचेल ना. पण मी हातात घेतलंय."

विश्रांतीची वेळ गेली, तसा सव्वाचारचा बॅकअप तिच्या वाचनात यायला लागला. प्रत काढताना डिस्क घुमायची. मला ऐकूसुद्धा यायचं नाही. तिनं हेडफोन माझ्या कानाला लावून ऐकवलं: तिच्या बसलेल्या आवाजाच्या मागं एक बारीक गुणगुण. "अहो, एवढं ते तुमचं काढून ठेवा. मला दोनदा वाचायला आवाज नाहीये." मी डिस्क काढली आणि कपाटात ठेवली. रविवारी लावू म्हटलं. रविवारी मी लावली नाही. पुढच्याही रविवारी नाही. दुसऱ्यांच्या डिस्कचा एक दिवस चुकला तर मी तीन जणांना फोन करतो.

सोमवारी सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. शनिवारी संध्याकाळी तिनं बाविसावा धडा संपवला. गोधड्यांमधून बाहेर आली, हाशहुश्श केलं, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "झालं पंचायत राज." आम्ही श्रीखंड आणलं. तिला गिळताना त्रास होत होता, तरी तिनं वाटीभर खाल्लं.

रविवारी सकाळपासून ती तपासत बसली. बाराच्या सुमाराला तिनं मला हाक मारली. आठव्या धड्यात एक खोकला राहिला होता, तो कापताना तिच्या हातून भलतंच झालं होतं. तीन मिनिटांचा तुकडा ठेवून बाकीचा धडा तिनं उडवला होता आणि तसाच सेव्ह केला होता. ती घाबरली होती. मी तिला घाबरलेली क्वचितच पाहिली होती, गाठ सांगितली तेव्हासुद्धा नाही.

"येईल का हो परत?" तिनं विचारलं.

काय सांगू, मला किती बरं वाटलं. तीन आठवडे मी या घरात निरुपयोगी माणूस होतो. डॉक्टर त्यांचं काम करत होते, ती तिचं. मी गोळ्यांच्या वेळा सांभाळत होतो. आणि आता तिनं मला अशी गोष्ट विचारली होती जी मला येते. मी म्हटलं, "हे तर माझं पोटापाण्याचं काम. तू जेवून घे."

मी कपाटातून डिस्क काढली, जोडली, सॉफ्टवेअर उघडलं. त्यात दोन वाटा असतात. एक, प्रतीच्या आत शिरून हवी ती एकच फाइल वेचून आणायची. दुसरी, अख्खा व्हॉल्यूम परत आणायचा. पहिली वाट आमच्याकडे नवी पोरं धरतात. मी व्हॉल्यूमवाला माणूस. शिवाय डी वर तिचंच सगळं होतं, सगळं आणलं म्हणजे त्यात आठवाही येणार. समोर 'सर्वांत अलीकडची प्रत' अशी ओळ होती. तिच्या पुढं तारीख होती. मी ती वाचली नाही. माझ्या डोक्यात ती प्रत कालची होती, कारण मी बसवलेली व्यवस्था रोज प्रत काढते. या व्हॉल्यूमवरचं सर्व काही बदललं जाईल, असा इशारा आला. त्याखालच्या चौकोनात खूण करावी लागते. अशा खुणा मी आजवर किती केल्या असतील, देव जाणे. ही एक आणखी.

चाळीसेक मिनिटं लागली. तिनं येऊन आठवा धडा लावला, मधूनच थोडा ऐकला, शेवट ऐकला. चेहरा खुलला. "आलात कामाला," ती म्हणाली, आणि बॅग भरायला गेली.

मी सहज यादी खाली सरकवली. यादी अकराव्या धड्यावर संपत होती.

मी ती वर नेली, परत खाली आणली. मग तारीख वाचली. प्रत एकोणीस दिवसांपूर्वीची होती. डिस्क कपाटात गेली त्या दिवसाची. एकोणीस दिवसांत तिनं जे काही वाचलं होतं, ते त्या चाळीस मिनिटांत मी माझ्या हातानं पुसलं होतं, आणि पुसताना मी शीळ घालत होतो. हे मला नेमकं आठवतंय.

त्या क्षणी मी उठून शेजारच्या खोलीत जायला हवं होतं. सांगायला हवं होतं. दहा पावलं होती. पण उद्या ऑपरेशन आहे, तिला धक्का नको, असं मी स्वतःला समजावलं. खरं असं आहे की मला लाज वाटली. आणि मला वाटलं, मी हे परत आणेन. पुसलेल्या डिस्कवरून उरलंसुरलं शोधणारी सॉफ्टवेअर असतात. तिला कळायच्या आत आणेन.

मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती दारात आली. "ऑफिसचं आहे का?" मी हो म्हटलं. सहाला परत आली. थालीपीठ लावलं होतं, गरम आहे तोवर या म्हणाली. मी ताट आत घेऊन आलो. पडद्यावर शोध सात टक्के झाला होता. साडेसातला ती पुन्हा आली. या वेळी आत येऊन माझ्या खुर्चीमागं उभी राहिली. मी पटकन दुसरी खिडकी पुढं घेतली.

"आज तरी बंद ठेवा ते," ती म्हणाली. "बसू या ना जरा बाहेर."

"पाचच मिनिटं."

ती थोडा वेळ तशीच उभी होती. मग म्हणाली, "बरं." तिचा आवाज पार बसलेला होता, नुसती हवा. मी मान वर केली नाही. मी शोध आठ टक्क्यांवर जाताना बघत होतो.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर खूश होते. तिच्या गळ्यापाशी श्वासासाठी छिद्र केलं होतं. ती शुद्धीवर आली, माझ्याकडे बघून बोलायला तोंड उघडलं, आणि तिला आठवलं. मी हात धरून बसलो. त्या चेहऱ्याबद्दल मी याहून जास्त लिहू शकत नाही.

दवाखान्यात मी तिला लहान मुलांची लिहून पुसायची पाटी आणून दिली. ती भराभर लिहायची, मी वाचलं की सर्रकन पुसायची. दुसऱ्या दिवसापासून मी पुसायच्या आधी मोबाईलवर पाटीचा फोटो काढायला लागलो. 'पाणी.' 'उशी वर.' 'नर्सला सुई टोचता येत नाही, शिकवा.' तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं लिहिलं: 'फोटो कशाला? भिंतीवर लावणार का?'

अंघोळीला घरी जायचो तेव्हा शोध कुठवर आला ते बघायचो. चौथ्या दिवशी तो संपला. नावं सापडली होती. धडा बारा, धडा तेरा, बावीसपर्यंत. नावापुढं आकार, तोही बरोबर. मी बारावा लावला. नुसती खरखर. तेरावा, तेच. नाव शाबूत आणि आत कुणी नाही. कर्वे रस्त्याच्या बाजूला एकजण हेच काम करतो, जुनी ओळख आहे. त्याच्याकडे डिस्क घेऊन गेलो. त्यानं दोन दिवस ठेवली आणि परत देताना म्हणाला, "सर, तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला तर माहीतच आहे." हे वाक्य मी स्वतः आजवर कितीतरी लोकांना म्हटलेलं आहे. ऐकणाऱ्याला ते कसं लागतं ते मला माहीत नव्हतं.

त्या यादीत बाविसाव्या धड्याखाली आणखी एक नाव होतं, जे मी पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. 'किरकोळ'. आकारावरून चाळीसेक मिनिटांचं रेकॉर्डिंग असावं. त्यातले मात्र पहिले काही सेकंद वाचले होते. मी ते ऐकले. ऐकून मी कॉम्प्युटर बंद केला आणि दवाखान्यात गेलो, आणि तिला सगळं सांगितलं. डिस्क, तारीख, चौकोनातली खूण. रविवारी दार लावून मी काय करत होतो ते.

ती ऐकत होती. मध्ये एकदाही पाटी उचलली नाही. माझं संपल्यावर उचलली. ती रागावली की 'तुम्ही' जाऊन 'आपण' यायचं. लग्नाला तीस वर्षं झाली, ते 'आपण' मी फार तर पाच-सहा वेळा ऐकलं असेल. तिनं लिहिलं:

'आपण रविवारी सांगायचं होतं. संध्याकाळी मी चार तास मोकळी होते.'

मी रडलो. शेजारच्या कॉटवरच्या बाईंचे नातेवाईक बघत होते, बघू देत. चार तासांत अकरा धडे झाले नसते. पण धड्यांचं नव्हतंच ते, मलाही कळलं होतं आणि तिलाही कळलं होतं की मला कळलंय.

"किरकोळमध्ये काय होतं?" मी विचारलं.

'किरकोळच.'

"सांग ना."

'गॅसवाल्याचा नंबर. पापड कुठे आहेत.' आणि पुसून टाकलं.

घरी आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर पुस्तक माझ्या हातात दिलं. बाराव्या धड्यात खूण घातलेली होती. मी म्हटलं, मला नाही येणार. तिनं पाटी घेतली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी गोधड्यांमध्ये जाऊन बसलो. ती समोर स्टुलावर, हातात पेन्सिल. मी चुकलो की ती टेबलावर एकदा वाजवायची. घाई केली की दोनदा. पहिल्या दिवशी मी तीन पानं वाचली आणि टेबल सारखं वाजत होतं.

पूर्ण पुस्तक झाल्याशिवाय द्यायचं नाही हा तिचा नियम तिनंच मोडला. परीक्षा जवळ आली होती. चौदापर्यंत झाल्यावर तिनं मुलीला पाठवायला सांगितलं. दोन दिवसांनी मुलीचा फोन आला.

"काका, बाराव्यापासून तुम्ही आहात का जी?"

हो म्हटलं. तिला ऑपरेशनचं ठाऊक नव्हतं, ते सांगितलं. मग चाचरत म्हणाली, "एक सांगू का, राग नका मानू. काकू 'तक्ता संपला' म्हणायच्या. तुम्ही म्हणतच नाही. मी आपली अजून तक्त्यातच असते."

फोन स्पीकरवर होता. बायको हसली. आता तिच्या हसण्याला आवाज नाही, फक्त खांदे हलतात. तिनं पेन्सिलीनं टेबलावर एकदा वाजवलं. मी तिन्ही धडे पुन्हा वाचले.

बाविसावा धडा संपायला दीड महिना लागला. शेवटचा तक्ता संपला, मी तसं म्हटलं, माइक बंद केला. ती स्टुलावरून उठणार, तोच मी म्हटलं, थांब. 'किरकोळ'मधला तो वाचलेला तुकडा मी तिला आजवर ऐकवला नव्हता. ऐकवावा की नाही हेच मला कळत नव्हतं. पण तो तिचा होता, माझ्याकडे ठेवून घेण्याचा मला काही हक्क नव्हता.

मी हेडफोन तिच्या कानाला लावला आणि दुसऱ्या बाजूनं माझाही कान टेकवला. खुर्ची करकरली. घसा साफ केल्याचा आवाज. मग तिचा आवाज, बसलेला, घोगरा, पण तिचाच. ती म्हणाली, "अहो." मग थांबली. मग, सवयच ती, म्हणाली, "पान एक." पुढं खरखर.

तिनं तीनदा ऐकलं. मी विचारलं, "पुढचं मला लिहून देशील? हळूहळू. जमेल तसं."

तिनं पाटी मांडीवर घेतली. दोन शब्द लिहिले, खोडले. मग खाली लिहिलं:

'नाही. ते बोलायचं होतं.'

मी सवयीनं मोबाईल उचलला. तोवर तिनं पाटी पुसली होती.